डंजन्स अँड ड्रॅगन्स : बायकांना बोलावणं आणि जागा देणं

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला एक टेबल, चार-पाच माणसं, कागद-पेन्सिल आणि चारपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे लागतात. एक जण गोष्ट रंगवतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन तिच्यात शिरतात आणि बोलून बोलून पुढची चाल ठरवतात. बेत तडीस गेला की फसला, ते फासा सांगतो. थोडं नाटक, थोडं गणित, पुष्कळ गप्पा. बायकांना यात रस वाटू नये असं काहीच नाही. तरीही समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी 1983 मध्ये अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बायकांचं प्रमाण जेमतेम 5 ते 10 टक्के होतं.

1974 मध्ये हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन्ही कर्ते युद्धखेळांच्या क्लबांत रमलेले. या क्लबांत जवळजवळ सगळे पुरुषच, आणि खेळ शिकायचा तर कुणीतरी बसवून शिकवावा लागे. मित्राने मित्राला शिकवलं. मैत्रिणीपर्यंत ते पोचलंच नाही.

ज्या पोचल्या, त्यांना नियमांत काय दिसलं? ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या 1976 सालच्या एका लेखात स्त्रीपात्रांसाठी वेगळे नियम सुचवले होते. एरवी पात्राची ताकद ठरवायला सहा बाजूंचे तीन फासे टाकतात : सरासरी साडेदहा, कमाल 18. लेखातल्या स्त्रीला एक आठ बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा : सरासरी 8, कमाल 14. व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी तिला सौंदर्याचे गुण. ही केवळ सूचना होती. पण 1978 च्या अधिकृत पुस्तकातही भेद उरलाच. अठरा ताकदीच्या योद्ध्याला वर शंभरापर्यंत जादा गुण मिळत, मानवी स्त्रीयोद्धा मात्र पन्नासावर थांबे. ड्रॅगन आग ओकतात अशा जगात एवढी एकच गोष्ट वास्तवाला धरून असावी हा हट्ट मला आजही खटकतो. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली.

मधल्या काळात टीएसआर या प्रकाशक कंपनीने मुलींसाठी वेगळा माल काढला. 1983-84 मध्ये ‘हार्टक्वेस्ट’ नावाची सहा पुस्तकं आली : वाचकाने पर्याय निवडत जायचं, साहसाबरोबर प्रेमकथाही. मालिका तिथेच संपली. माझ्या मते चूक प्रेमकथेत नव्हती. मुलींना मुख्य टेबलाशी बोलावण्याऐवजी बाजूला दुसरं टेबल मांडलं गेलं, ही ती चूक.

यामागचं मानसशास्त्र सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून नीट कळतं. विषय संगणकशास्त्राचा होता. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून त्या विषयात किती रस आहे असं विचारलं. खोली कधी ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेचं पोस्टर, कॉमिक्स, व्हिडिओ गेम अशा वस्तूंनी सजवलेली, कधी निसर्गचित्रं आणि साध्या मासिकांनी. पहिल्या खोलीत मुलींचा रस मुलांपेक्षा कमी भरला. दुसऱ्या खोलीत तो मुलांच्या बरोबरीला आला. दुसऱ्या एका प्रयोगात तर ‘या गटात सगळ्या बायकाच आहेत’ असं सांगूनही पहिल्या प्रकारच्या सजावटीने मुलींना दूर ठेवलं. ‘इथे आपलं कुणी आहे का’ याचा अंदाज माणूस भिंतीवरच्या चित्रावरूनही बांधतो. खेळाच्या पुस्तकातली चित्रं, उदाहरणं, सर्वनामं ही त्याची भिंतच आहे.

हे पुढे बदललं. 1991 च्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ या याच जातीच्या दुसऱ्या खेळाने भर लढाईवरून काढून पात्रांच्या मनातल्या संघर्षावर आणि नात्यांवर दिला, आणि बायका मोठ्या संख्येने आल्या. 2000 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत चोराच्या कसबाचे नियम लिडा नावाच्या नायिकेच्या उदाहरणाने, ‘ती’ म्हणून समजावले गेले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत मानववंशाच्या पानावर काळ्या वर्णाची स्त्री आहे. 2015 पासून ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम इंटरनेटवर दिसू लागला : आवाजाच्या क्षेत्रातले व्यावसायिक कलाकार प्रत्यक्ष खेळतात, त्यांत तीन अभिनेत्री. खेळ कसा चालतो ते आता कुणाच्या ओळखीशिवाय, घरबसल्या बघता येऊ लागलं. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो. अलीकडे प्रकाशकांच्या आकडेवारीत स्त्री-खेळाडू सुमारे 40 टक्के आहेत.

फाइन यांनी आणखी एक कारण नोंदवलं होतं : टेबलावरच्या पुरुषांचं वागणं, स्त्रीपात्रांवरच्या अत्याचारांची त्यांनी रंगवलेली वर्णनं. यावर जाहिरात चालत नाही. जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी सुचवलेलं ‘एक्स-कार्ड’ मात्र चालतं. एका कार्डावर फुली काढून ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. एखादा प्रसंग नकोसा झाला की कुणीही त्यावर बोट ठेवावं. तो प्रसंग गोष्टीतून वगळला जातो आणि कारण सांगावं लागत नाही. नव्या टेबलावर अनोळखी माणसांत बसताना हे कार्ड आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं. नसेल तर ते बनवायला एक मिनिटही लागत नाही.