परदेशाचं नागरिकत्व घेताना: पासपोर्ट, ओसीआय आणि गावची शेती

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परदेशातलं लेकरू रावेर-यावलकडच्या घरी आलं की ओट्यावर हा विषय हमखास निघतो: "कॅनडावाले दोन नागरिकत्वं ठेवू देतात, मग आपला पासपोर्ट का सोडायचा?" कॅनडा ठेवू देतो, १९७७ पासून, हे खरंच आहे. पण मुभा दोन्ही देशांनी द्यावी लागते, आणि भारत ती देत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पासपोर्टवर मुदत शिल्लक असली तरी तो वापरता येत नाही, आणि वापरला तर दंड बसतो. ग्रीन कार्ड किंवा पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) म्हणजे मात्र नागरिकत्व नव्हे. तिथपर्यंत काहीच सोडावं लागत नाही.

अमेरिका आणि ब्रिटनही दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात. ऑस्ट्रेलियाने २००२ मध्ये आपल्या नागरिकांना ही मोकळीक दिली. जर्मनी पूर्वी बहुतेकांना जुनं नागरिकत्व सोडायला लावायचा, जून २०२४ पासून ती अट गेली. सिंगापूर, जपान आणि चीन याच्या विरुद्ध टोकाला. दुबईत वर्षानुवर्षं नोकरी केली तरी सहसा नागरिकत्व मिळतच नाही, म्हणून तिकडच्या आपल्या माणसांना हा पेच पडत नाही.

नागरिकत्व गेल्यावर आधार असतो तो ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा. याला 'दुहेरी नागरिकत्व' म्हणणारे एजंट भेटतील, त्यांचं ऐकू नका. हा आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरीही सहसा नाही. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारतीय नागरिक असलेली व्यक्ती, तिची मुलं, नातवंडं आणि पतवंडं पात्र ठरतात. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदारालाही मिळतं, पण लग्न नोंदवलेलं आणि सलग २ वर्षं टिकलेलं हवं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व स्वतःकडे, आईवडिलांकडे, आजोबा-पणजोबांकडे कधी असेल तर दार बंद.

क्रम चुकवू नका. आधी भारतीय पासपोर्ट दूतावासामार्फत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, मग ओसीआयचा ऑनलाइन अर्ज. सोबत परदेशी पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, रद्द केलेला भारतीय पासपोर्ट, फोटो आणि सही. मुलांसाठी जन्मदाखला आणि आईवडिलांचे भारतीय पुरावे. शुल्क परदेशात २७५ डॉलर, भारतातून अर्ज केल्यास १५,००० रुपये. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरं, बाईचं माहेरचं नाव तिसऱ्याच कागदावर. हे परदेशातून दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं, म्हणून सुट्टीत गावी आलात की हेच काम आधी हाती घ्या.

आता शेती. आपल्याकडे सगळा जीव सातबाऱ्यात अडकलेला असतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ओसीआयधारकाला, आणि परदेशात स्थायिक असलेल्या भारतीय नागरिकालाही, शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. म्हणजे वडिलांनी हयातीत केळीचा मळा मुलाला बक्षीस लिहून दिला, आणि मुलगा आधीच अमेरिकेचा नागरिक झालेला असेल, तर तो व्यवहार कायद्यात बसत नाही. भावाचा हिस्सा पैसे देऊन घेणं म्हणजेही खरेदीच. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र ठेवता येते, वारस म्हणून नावही लागतं. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. घर किंवा फ्लॅट घ्यायला हरकत नाही. म्हणून वाटणी, खरेदी, बक्षीस यातलं काही मनात असेल तर परदेशात स्थायिक होण्याआधीच घरात बसून बोला आणि महसुलाचं काम जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

ओसीआय मिळाल्यावरचं काम थोडं. वयाच्या २० वर्षांपर्यंत नवा पासपोर्ट निघाला की तो आणि ताजा फोटो ३ महिन्यांत पोर्टलवर चढवायचा, वयाची ५० वर्षं झाल्यावर पुन्हा एकदा. त्याला पैसे लागत नाहीत. आणि गावच्या मतदार यादीतलं नाव नमुना ७ भरून कमी करून घ्या.