बुळकांडी गेली, हे कुणी सांगितलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर दूध विकायची पद्धत अगदी सरळ होती. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लीतून फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. पाणी घालायला वाव नाही, शिळं असायचा प्रश्न नाही, शेळ्याही चांगल्या धष्टपुष्ट. त्याच बेटावरचे ब्रिटिश सैनिक मात्र एका चिवट तापानं आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेले असत. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं 1887 मध्ये मृत सैनिकांच्या प्लीहेतून या तापाचा जिवाणू वेगळा केला होता. पण तो माणसात शिरतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कुणाला उमगलं नाही.

1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टी डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त घेतलं. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर निवळ द्रव सुटतो त्याला रक्तजल म्हणतात. त्यात त्यानं तापाचे जिवाणू मिसळले, तर त्यांच्या गुठळ्या झाल्या. म्हणजे शेळीच्या शरीराला या जिवाणूची आधीच ओळख झालेली होती आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात तयार होती. दुधातही जिवाणू सापडले. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि तापाचे रुग्ण झपाट्यानं घटले. या आजाराला आपण आज ब्रुसेल्लोसिस म्हणतो, जनावरांत सांसर्गिक गर्भपात.

पशुरोग निदान प्रयोगशाळा म्हटलं की आजारी जनावराचं रक्त पाठवायचं ठिकाण, एवढंच चित्र बहुतेकांच्या मनात असतं. ते काम तिथं होतंच. पण झामिटच्या शेळ्या आजारी नव्हत्या. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या अंगात काय आहे, हे सांगणं हे प्रयोगशाळेचं जास्त अवघड काम. आणि त्याहून अवघड आणखी एक आहे: एखादा रोग आता इथं नाहीच, हे सिद्ध करणं. त्याच्याकडे, आणि शीर्षकातल्या बुळकांडीकडे, म्हणजे गुरांच्या ‘रिंडरपेस्ट’ या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाकडे, शेवटी येऊ.

आधी आजारी जनावराचं बघू. गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबताहेत, जिभेवर फोड आहेत, चालताना ती पाय झटकते. अनुभवी पशुवैद्यक दारातूनच ‘लाळ्या खुरकूत’ म्हणेल आणि बहुतेक वेळा ते बरोबर असेल. पण ‘व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस’ नावाच्या वेगळ्याच विषाणूमुळेही अगदी असेच फोड येतात. डुकरांना होणारे दोन ‘स्वाइन फीव्हर’, क्लासिकल आणि आफ्रिकन, नावानं भाऊभाऊ वाटतात आणि लक्षणंही तीच: ताप, कातडीवर लालनिळे डाग, पटापट मरणारी जनावरं. मात्र दोघांचे विषाणू एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. पहिल्यावर चांगली लस आहे. ती दुसऱ्यावर काडीचाही उपयोग करत नाही.

नेमका रोग कळला तरी काम संपत नाही. लाळ्या खुरकूतच्या विषाणूचे सात मुख्य प्रकार आहेत: ओ, ए, सी, आशिया-1 आणि सॅट 1, 2, 3. एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. त्यामुळे फिरणारा विषाणू कोणता आणि भरलेली लस त्याला लागू पडते का, हे प्रयोगशाळेनं सांगितल्याशिवाय लसीकरण म्हणजे अंधारात दगड मारणं. (यातला ‘सी’ प्रकार 2004 नंतर जगात कुठेच आढळलेला नाही. लस बनवणाऱ्यांनी तो तयार करत राहावा का, हा वाद त्यातून निघाला.)

आता नमुन्याबद्दल, कारण अर्धा खेळ तिथंच जिंकला किंवा हरला जातो. प्रयोगशाळेतले लोक सगळ्यात जास्त कशावर वैतागत असतील तर चुकीच्या पद्धतीनं आलेल्या नमुन्यावर. मेलेल्या जनावराच्या यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवला, तर पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख दिसते. पण फॉर्मॅलिननं जिवाणू मेलेले असतात, मग ते वाढवून बघणार कसे? उलट तुकडा गोठवून पाठवला, तर विषाणूचा शोध घेता येतो, पण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटून रचनेचा विचका झालेला असतो. म्हणून एकाच यकृताचे दोन तुकडे, दोन डब्यांत, दोन तऱ्हांनी. लाळ्या खुरकूतचा विषाणू तर आम्लाला इतका नाजूक की फोडाची साल साध्या पाण्यात न टाकता, आम्लता वाढू न देणाऱ्या खास द्रावणात पाठवावी लागते.

फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, या रोगात नियम आणखी कडक. काल चांगलं चरणारं जनावर सकाळी मेलेलं सापडलं, नाकातोंडातून न गोठलेलं काळपट रक्त वाहतंय, तर शवविच्छेदन अजिबात करायचं नाही. बंद शरीरात हे जिवाणू कुजण्याच्या प्रक्रियेत काही दिवसांत मरतात. शव उघडलं की हवा लागून त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. मग निदान कसं करायचं? कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब, काचपट्टीवर पातळ पसरलेला. 1903 मध्ये जॉन मॅकफेडियन यांनी दाखवून दिलं की जुनं, मुरलेलं मिथिलीन ब्लू यावर टाकलं की रंग दोन तऱ्हेनं चढतो. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला की टोकं चौकोनी कापल्यासारखे निळे जिवाणू बांबूच्या पेरांसारखे एकापुढे एक जोडलेले दिसतात आणि प्रत्येक माळेभोवती फिकट गुलाबी धूसर वलय असतं. ते वलय म्हणजे जिवाणूचं कवच. ही चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे, यंत्र म्हणावं तर एक सूक्ष्मदर्शक, आणि अजूनही वापरात आहे. नव्या तंत्रांचं कौतुक करताना मला ही काचपट्टी मुद्दाम आठवते.

नव्या तंत्रांपैकी पीसीआरचं नाव कोविडनंतर घरोघरी पोचलं, त्यामुळे थोडक्यात. विषाणूच्या जनुकीय साखळीचा ठरावीक तुकडा असेल तर त्याच्या दर फेरीत दुप्पट प्रती होतात. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. म्हणून अगदी चिमूटभर विषाणूही सापडतो, ताप चढण्याच्या आधीसुद्धा.

कळपांच्या बाबतीत मात्र खरा गाडा ओढते ती एलायझा. ही पद्धत 1971 मध्ये आली. पोस्टकार्डाहून थोडी लहान प्लास्टिकची थाळी, तिच्यात आठ गुणिले बारा अशा 96 वाट्या, प्रत्येकीत एखाद्या जनावराच्या रक्तजलाचा थेंब. वाट्यांच्या तळाशी आधीच विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं. रक्तजलात त्याची प्रतिपिंडं असतील तर ती त्याला धरून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं. मग रंग देणारं रसायन टाकायचं आणि थांबायचं. काही मिनिटांत काही वाट्या पिवळ्या-निळ्या होऊ लागतात, बाकीच्या पाण्यासारख्या राहतात. एका दुपारी कित्येक कळप तपासून होतात, तेही कमी खर्चात.

या सगळ्या चाचण्यांत एक मेख आहे. आपण जे शोधतो तेवढंच त्या दाखवतात. 2011 च्या शरद ऋतूत जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये गाईंना ताप येऊ लागला, दूध घटलं. माहितीतल्या सगळ्या रोगांच्या चाचण्या झाल्या, सगळ्या कोऱ्या. तेव्हा जर्मनीतल्या फ्रीडरिश लोफ्लर संस्थेनं श्मालेनबर्ग गावाजवळच्या आजारी गाईंचं रक्त घेतलं आणि अमुक एक विषाणू शोधण्याऐवजी त्यातली मिळेल ती सगळी जनुकीय साखळी वाचून काढली. गाईची स्वतःची साखळी बाजूला केल्यावर उरलेल्या तुकड्यांत कधीच न पाहिलेला विषाणू निघाला. गावाच्या नावावरून तो श्मालेनबर्ग विषाणू झाला. त्याची पीसीआर चाचणी लगेच बनवून इतर देशांच्या प्रयोगशाळांना दिली गेली. ती हाताशी होती म्हणूनच, त्या हिवाळ्यात मेंढ्यांना वाकडे पाय आणि आखडलेली मान असलेली मृत कोकरं होऊ लागली तेव्हा कारण शोधायला महिने गेले नाहीत.

2024 च्या वसंतात अमेरिकेत असंच झालं. टेक्सास आणि कॅन्ससमधल्या गोठ्यांत गाई खाणं सोडत होत्या, दूध घट्ट आणि पिवळसर येत होतं. नेहमीच्या चाचण्या निष्फळ. त्याच गोठ्यांतली, कच्चं दूध पिणारी मांजरं मात्र मरत होती. मेलेल्या मांजरांचे मेंदू आणि गाईंचं दूध तपासल्यावर सापडला एच5एन1, म्हणजे पक्ष्यांचा बर्ड फ्लू. 25 मार्चला त्याची अधिकृत घोषणा झाली. गंमत अशी की गाईंच्या नाकातल्या नमुन्यांत तो नाममात्र होता आणि दुधात खच्चून भरलेला. फ्लू म्हणजे नाक, असं धरून फक्त नाकाचे नमुने घेतले असते तर बराच काळ हुलकावणी मिळाली असती.

प्रयोगशाळेकडे नमुना पोचला नाही तर तिचं कौशल्य फुकट, हेही इथंच सांगायला हवं. ब्रिटनमध्ये 2001 साली 19 फेब्रुवारीला एसेक्समधल्या कत्तलखान्यात डुकरांवर संशय आला आणि दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेनं लाळ्या खुरकूतवर शिक्का मारला. एका दिवसात! पण विषाणू त्याआधीच मेंढ्यांतून बाजारोबाजार फिरत होता, आणि मेंढ्यांत हा रोग इतका सौम्य असतो की लंगडणं कुणी मनावर घेतलं नाही. ती साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

आता थोडं गणित. समजा एक चाचणी 99 टक्के अचूक आहे: शंभर बाधितांपैकी 99 ओळखते आणि शंभर निरोगींपैकी 99 ना निरोगीच म्हणते. एक लाख जनावरांत बाधित फक्त शंभर आहेत. सगळ्यांची चाचणी केली तर खरे बाधित 99 सापडतील. पण उरलेल्या 99,900 निरोगी जनावरांपैकी एक टक्का, म्हणजे 999, चुकून बाधित ठरतील. ‘पॉझिटिव्ह’ शिक्का बसलेल्या दर अकरा जनावरांत खरं बाधित एकच! चाचणीत खोट नाही. रोगच दुर्मीळ आहे. म्हणून आधी स्वस्त चाळणी आणि त्यात अडकलेल्यांवर वेगळ्या तत्त्वाची दुसरी चाचणी, हा शिरस्ता. दुसऱ्या चाचणीची वाट बघताना पशुपालकाचा जीव टांगणीला लागतो, ते समजण्यासारखं आहे. पण ती न करता जनावर मारणं हा त्याच्यावर अन्याय.

उलट बाजूचं गणितही असंच. मोठ्या कळपात दहा टक्के जनावरं बाधित असतील, तर सरसकट कोणतीही 29 तपासली की निदान एक तरी सापडण्याची शक्यता 95 टक्के असते. बाधित एकच टक्का असतील तर त्याच खात्रीसाठी 299 तपासावी लागतात. रोग जितका कमी होत जातो तितकी तपासणी वाढत जाते. इथं आपण बुळकांडीपाशी येतो.

बुळकांडीनं 1890 च्या दशकात आफ्रिकेतली बहुसंख्य गुरं मारली होती आणि त्यामागोमाग दुष्काळ आला होता. वॉल्टर प्लाउराइट यांनी 1960 च्या सुमारास केनियात बनवलेल्या लशीनं तिला मागे रेटलं, कारण एक टोचणी जन्मभर पुरायची. शेवटी शेवटी मात्र तीच लस आडवी आली. लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं आणि रोगामुळे होणारी प्रतिपिंडं सारखीच. एलायझाची वाटी रंगली तर जनावर आजारातून उठलंय की लस टोचलेलं आहे, ते सांगणार कसं? (लाळ्या खुरकूतच्या आजच्या शुद्ध लशींत ही अडचण सोडवलेली आहे. विषाणू शरीरात वाढतानाच जी प्रथिनं बनतात ती त्या लशीत नसतात, त्यामुळे त्यांची प्रतिपिंडं सापडली की खरी लागण समजायची.)

बुळकांडीसाठी मार्ग एकच होता: लसीकरण थांबवायचं. ज्या रोगाची एवढी दहशत, त्याची ढाल स्वतःहून खाली ठेवायची, हा निर्णय किती जड गेला असेल! त्यानंतर जन्मलेल्या जनावरांचं रक्त तपासायचं. अगदी लहान वासरंही चालत नाहीत, कारण आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात काही महिने असतात. मग दात बघून वय ठरवायचं आणि मधल्या वयाची जनावरं निवडायची. थाळ्यामागून थाळ्या, आणि सगळ्या वाट्या कोऱ्या निघाल्या तरच आनंद. विषाणू शेवटचा आढळला 2001 मध्ये, केनियातल्या रानटी म्हशींत. तो संपल्याची घोषणा झाली 2011 मध्ये. मधली दहा वर्षं ‘नाही’ एवढा एक शब्द खात्रीनं म्हणता यावा म्हणून गेली. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

घोषणेनंतर एक विचित्र परिस्थिती उरली. बुळकांडीचा विषाणू आता कुठल्याही कळपात नव्हता. होता तो फक्त प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये. ही भीती पोकळ नाही. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइट इथल्या संशोधन संकुलातून लाळ्या खुरकूतचा विषाणू गळक्या सांडपाण्याच्या नळांवाटे बाहेर पडून जवळच्या गोठ्यांत पोचला होता. त्याच पिरब्राइटमध्ये बुळकांडीचे जगातले सगळ्यात जास्त नमुने होते, तीन हजारांहून अधिक कुप्या. त्यांची जनुकीय साखळी वाचून संगणकात उतरवून घेतली गेली, आणि 2019 मध्ये त्या कुप्या नष्ट करण्यात आल्या. इतर काही मोजक्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तो अजून गोठलेला आहे.