गेमिंग पीसी असेम्बल करून घ्यायचा की तयार घ्यायचा? पहिला पार्ट विकत घेण्याआधी हे वाचा

"दादा, असेम्बल करून घेऊ की ब्रँडेडच घेऊ?" ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न रोज चार-पाच जण तरी विचारतात. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते, तेव्हा याचं नीट उत्तर देता येत नाही आणि घाईत दिलेल्या उत्तरावर कुणी दीड-दोन लाख खर्च करावेत, हे आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, असं धरूनच लिहिलं आहे.

आधी थेट उत्तर देतो. मोठं गेमिंग मशीन घ्यायचं असेल तर आम्ही बहुतेकांना असेम्बलच सुचवतो. आमचा धंदा तोच आहे, त्यामुळे कारणही सांगायला हवं. तयार मशीनच्या किमतीत नाव, जाहिरात आणि घरी येणारी सर्व्हिस धरलेली असते. तेवढ्याच पैशात असेम्बलमध्ये बहुतेक वेळा एक पायरी वरचं कार्ड बसतं. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. काही तयार मशीनमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा एटीएक्स (म्हणजे नेहमीच्या मापाचा) एसएमपीएस त्यात बसतच नाही. असं मशीन घेऊन कुणी आलं की आम्हाला हात जोडावे लागतात.

तरीही काही जणांना आम्ही स्वतःहून तयार मशीन घ्यायला सांगतो. तुमच्या कंपनीच्या नावावर एकच बिल हवं असेल, बदलीची नोकरी असेल, किंवा बिघाड झाल्यावर माणूस घरी यायलाच हवा असेल, तर ब्रँडेड घ्या. फक्त घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. रॅमची पट्टी एक आहे की दोन? एकच असेल तर रॅमचा वेग निम्म्यावर अडतो, आणि बऱ्याच गेममध्ये ते जाणवतं. दुसरं, एसएमपीएस नेहमीच्या मापाचा आहे का? विक्रेत्याला सांगता येत नसेल तर कॅबिनेटच्या आतला फोटो मागवा आणि आम्हाला दाखवा.

खरा घोळ होतो तो इथे

असेम्बल की तयार, यात चूक झाली तरी फार बिघडत नाही. सगळ्यात महागात पडते ती वेगळीच चूक, आणि ती दर महिन्याला आमच्या टेबलावर येते: पूर्ण यादी ठरवण्याआधीच सेलमध्ये एकेक पार्ट घेत सुटणं.

गेल्या उन्हाळ्यात कोलशेतहून एक काका मुलाला घेऊन आले. मुलाची बारावी झाली होती, त्याचं बक्षीस म्हणून मशीन. दोन मोठ्या पिशव्या भरून खोकी आणली होती आणि बिलं व्यवस्थित एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. कॅबिनेट, एसएमपीएस आणि डीडीआर ५ रॅम दिवाळीच्या सेलमधली, प्रोसेसर डिसेंबरमधला, मदरबोर्ड २६ जानेवारीच्या सेलमधला आणि ग्राफिक्स कार्ड आदल्या आठवड्यातलं. एकही पार्ट वाईट नव्हता. रॅम बसवायला घेतली तर खाच जुळेना. मदरबोर्ड बी७६० चिपसेटचा होता. त्यात डीडीआर ४ चेही (रॅमची आधीची पिढी) बोर्ड येतात आणि डीडीआर ५ चेही, नावात फरक असतो एखाद्या अक्षराचा. मुलाने घेतलेला डीडीआर ४ चा निघाला. परत करायची मुदत कधीच उलटली होती.

मग कार्ड. कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलं होतं, ३६० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसेल. ते खरंही होतं, पण पुढची बाजू रिकामी असेल तर. मुलाने कूलरचा रेडिएटर (पाणी थंड करणारा भाग) पुढे लावायचा ठरवला होता. रेडिएटरची जाडी २७ मिलिमीटर, त्यावरच्या पंख्यांची २५. म्हणजे ५२ गेले आणि उरले ३०८. कार्ड होतं ३३० चं. कूलर वर लावावा तर त्या कॅबिनेटच्या छताला तेवढी जागा नाही. काका फोल्डरमधली बिलं पुन्हा पुन्हा चाळत होते आणि मुलगा मान खाली घालून उभा होता. शेवटी मदरबोर्ड आणि कॅबिनेट दोन्ही नव्याने घ्यावी लागली. सेलमध्ये जे वाचलं होतं त्यापेक्षा जास्त गेलं, आणि त्यांच्या आमच्याकडे तीन फेऱ्या झाल्या.

यात आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. तुमची एसएसडी कपाटात पडून असली तरी तिची वॉरंटी चालूच असते. शिवाय खोक्यातला पार्ट म्हणजे न तपासलेला पार्ट. तो मुळातच खराब निघाला तर पहिल्या आठवड्यात दुकान बदलून देतं. सात महिन्यांनी कळलं तर सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून पार्ट एकाच वेळी घ्या, किंवा फार तर आठवड्याभराच्या आत. ते आमच्याकडून घ्या, ऑनलाइन घ्या किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून घ्या. ठाण्याहून दादरला गाडी बदलून तासाभरात तिथे पोचता येतं आणि भाव खरंच चांगले मिळतात. जीएसटीचं पक्कं बिल मात्र घ्याच. कच्च्या चिठ्ठीवर पुढे वॉरंटी मागणं अवघड जातं.

रॅमबाबत एक अपवाद. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड बंद करायची घोषणा केली. म्हणून आज लोक रॅम आधी घेऊन ठेवतात, आणि त्यात चूक काही नाही. पण मदरबोर्डचं मॉडेल आधी पक्कं करा, त्याच्या कंपनीच्या यादीत ती रॅम आहे का ते बघा, आणि घेतल्यावर दोन-तीन दिवसांत आमच्याकडे घेऊन या. आम्ही ती टेस्ट बेंचवर चालवून बघतो. त्याचे पैसे घेत नाही.

यादी कुठून सुरू करायची

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरू करतात. तुम्ही मॉनिटरपासून करा. १४४० पीच्या पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. म्हणजे फोर-केला कार्डाला दुपटीहून जास्त पिक्सेल रंगवावे लागतात. घरी १४४० पीचा मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर सगळ्यात महागडं कार्ड घेऊन तुमचे पैसे वाया जातील. आम्ही तसं सांगतो, त्यात आमची विक्री कमी झाली तरी.

मॉनिटरवरून कार्ड ठरतं आणि कार्डावरून एसएमपीएस. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड ३०० वॉटचं आहे, ५०८० हे ३६० वॉटचं आणि ५०९० तब्बल ५७५ वॉटचं. या कार्डांसाठी कंपनी अनुक्रमे ७५०, ८५० आणि १००० वॉटचा एसएमपीएस सुचवते. जुन्या मशीनमधला सहा वर्षांचा एसएमपीएस यात लावू नका. प्रोसेसरमध्ये निव्वळ गेमिंगसाठी एएमडी कंपनीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आम्ही सगळ्यात जास्त बसवतो, कारण त्यातल्या ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा) गेममध्ये स्पष्ट फायदा दिसतो. शिवाय त्याचं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) निदान २०२७ पर्यंत चालवायचं एएमडीने जाहीर केलं आहे, त्यामुळे पुढे मदरबोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येईल. कॅबिनेट सगळ्यात शेवटी, कार्डाची आणि कूलरची मापं हातात घेऊन.

यूपीएसचं तर हमखास विसरतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते-येते हे सांगायला नको. घरचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना हे मशीन ६०० वॉट ओढत असेल, तर लाइट जाताक्षणी यूपीएसही बंद पडेल. लेबलवर व्हीए बघू नका, वॉट बघा, आणि प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) घ्या. वीजबिलाचाही अंदाज असू द्या: ६०० वॉट, रोज चार तास, महिन्याला ७२ युनिट. तेवढी सगळी उष्णता तुमच्या खोलीतच राहते, हे एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात चांगलंच कळतं.

आम्ही असं का वागतो

तुमचा मदरबोर्ड हातात घेतल्यावर आम्ही सगळ्यात आधी तुमच्यासमोर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढतो, टॉर्च आणि भिंग घेऊन आतल्या पिना बघतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. काहींना हा अविश्वास वाटतो. पण एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, केसासारख्या बारीक. टॉर्च तिरका धरला की सगळ्या एका रांगेत चमकतात, आणि एखादी वाकलेली असली की त्या रांगेत तेवढाच काळा ठिपका दिसतो. वाकलेल्या पिनेला कंपनी वॉरंटी देत नाही. ती आमच्या टेबलावर वाकली की आधीच वाकलेली होती, हा वाद नंतर कुणालाच नको. ते झाकण टाकूही नका. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लागतं.

बाहेरून आणलेल्या पार्टच्या जोडणीचे आम्ही जास्त पैसे घेतो, यावरही नाराजी असते. जोडणीला दोन-तीन तास पुरतात. त्यानंतर मशीन रात्रभर लोडवर ठेवून रॅम, तापमान, कार्ड सगळं तपासतो. एखादा पार्ट दगा देऊ लागला तर नेमका कोणता, हे शोधण्यात आमचा दिवस जातो. पार्ट आमच्याकडचे असतील तर तो आमचा प्रश्न, तुम्हाला कळतही नाही. कोटेशन दोनच दिवस चालतं, याचं कारण वर रॅमच्या भावात आलंच.

परदेशातून नातेवाइकाने आणलेलं कार्ड आम्ही आनंदाने बसवू. पण त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आणण्याआधी कंपनीला विचारा. बऱ्याचदा चालत नाही.

स्वतः जोडणार असाल तर

जरूर जोडा. आपल्या हाताने उभं केलेलं मशीन पहिल्यांदा सुरू होतं तो आनंद आम्हीही घेतलेला आहे. पण जोडणाऱ्यांचे आम्हाला येणारे फोन ठरलेले असतात, म्हणून इथेच सांगून ठेवतो. कॅबिनेटची काच काढून लादीवर टेकवू नका. टेम्पर्ड काचेची कड लादीला लागली की अख्खी काच भुगा होते. सतरंजीवर ठेवा. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. कार्डाचा पॉवर प्लग शेवटपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, आणि प्लगजवळ वायर लगेच वाकवू नका. सैल बसलेला प्लग तापून वितळतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर ५ रॅम आधी स्वतःला जुळवून घेते. त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका, थांबा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम कमी वेगाने चालत राहील. आणि मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ९८००एक्स३डीच्या आत छोटं ग्राफिक्स असतं, त्यामुळे चुकीच्या जागी लावली तरी चित्र दिसतं, गेम मात्र रखडत चालतो आणि नवीन कार्ड खराब निघालं असं वाटतं. याच कारणाने अख्खं मशीन रिक्षात घालून घोडबंदर रोडवरून आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. वायर बदलली आणि ते परत गेले.

एकट्याने जोडायची धास्ती वाटत असेल तर आमच्या टेबलावर बसून जोडा. हात तुमचे, आम्ही बाजूला उभे राहू. फी नेहमीच्या जोडणीचीच, आणि रात्रभरची तपासणी त्यातच.

यादी तपासून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, मग पार्ट कुठूनही घ्या. येताना मॉनिटरचा मॉडेल नंबर, यूपीएसच्या लेबलचा फोटो, टेबलाखालच्या जागेचं माप आणि तुम्ही खेळता त्या चार-पाच गेमची नावं आणा. शनिवार-रविवार सोडून दुपारी आलात तर निवांत बसून बोलता येतं.