साइटवर टाकलं म्हणजे ओपन डेटा झाला?

नाही झाला! ओपन डेटा म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा अशी मुभा लिहून दिलेला डेटा. पण कुठल्यातरी सरकारी खात्याने साइटवर पीडीएफ चढवली की लगेच सगळीकडे कौतुक सुरू, "डेटा ओपन केला". अहो, याला माहिती जाहीर करणं म्हणतात, आणि ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार बंधनकारकच आहे, खात्यांनी स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी त्यात दिल्यात, त्यात शिरत नाही.

फॉरमॅटचं रडगाणंही सगळ्यांना माहितीये. सीएसव्ही द्या (म्हणजे संगणकाला थेट वाचता येणारा साधा तक्ता), स्कॅन नको. जुन्या फॉन्टमधली मराठी पीडीएफ कॉपी केली की अक्षरांच्या जागी किडेमुंग्या येतात आणि मग गावांची नावं हाताने टाइप करत बसा. असो.

खरी गाडी अडते ती परवानगीवर. "आपल्याच करातून झालंय, म्हणजे आपलंच" असं धरून लोक चालतात, पण भारतात तसं नाहीये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कामाचा कॉपीराइट साधारणपणे सरकारकडेच असतो, तोही ६० वर्षं. राजपत्र, कोर्टाचे निकाल वगैरेंना सूट आहे, तेवढं सोडा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामाला कॉपीराइटच नसतो, ते वाचून इथे चिकटवू नका. म्हणजे तक्ता दिसतोय, डाउनलोडही होतोय, पण तो घेऊन ॲप काढायची, विकायची मुभा कुणी दिली? साइटच्या तळाशी बऱ्याचदा "सर्व हक्क राखीव" असतं ते वाचा की एकदा!

ओपन डेटात ही मुभा आधीच लिहून दिलेली असते. डेटा डॉट गव्ह डॉट इन हे केंद्राचं पोर्टल २०१२ मध्ये आलं, पण त्याचं स्वतःचं लायसन्स, गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स इंडिया, यायला २०१७ उजाडलं. त्याखाली डेटा वापरा, बदला, धंद्यासाठी वापरा, फक्त कुणाचा आहे ते नमूद करा आणि सरकारचा तुम्हाला पाठिंबा आहे असं भासवू नका. वैयक्तिक माहिती आणि सरकारी बोधचिन्हं मात्र त्यात येत नाहीत.

म्हणून लायसन्स नसलेल्या चकचकीत डॅशबोर्डपेक्षा (म्हणजे आकडे आणि आलेख दाखवणारं वेबपान; ते बघितलं की माझं डोकंच फिरतं, आकडे गोल फिरतात पण बाहेर काढता येत नाहीत) लायसन्सची एक ओळ असलेली कुरूप एक्सेल मी कधीही घेईन.

आणि माहिती अधिकाराचा (आरटीआय) १० रुपयांचा अर्ज करून मिळालेल्या उत्तराबरोबरही लायसन्स येत नाही, त्यामुळे "आरटीआयमधून काढलाय, आता ओपनच आहे" हेही बंद करा प्लीज.