एकच फ्रेम दोनदा कशाला मागायची?

प्रोग्राममधले एक फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) दुसऱ्याला बोलावते तेव्हा संगणकाच्या मेमरीतील स्टॅक या भागात त्या बोलावण्यापुरती जागा सहसा राखली जाते. बोलावलेल्या फंक्शनचे स्थानिक चल (फक्त त्याच्यापुरती मूल्ये) आणि काम संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता जिथे असतो, ती जागा म्हणजे फ्रेम. प्रोग्राम कोलमडला की डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायला मदत करणारा प्रोग्राम, या फ्रेम्स एकामागून एक उलगडत मागे जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतलेल्या जीडीबी या डीबगरमध्ये सर्वांत आतल्या फ्रेमचा क्रमांक ० असतो, तिला बोलावणारीचा १.

हे उलगडणे किचकट आहे. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वेगासाठी फ्रेमचा पाया दाखवणारे रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवणीची जागा) अनेकदा दुसऱ्याच कामाला जुंपतो, आणि मग परतीचा पत्ता त्याने सोबत लिहून ठेवलेल्या तक्त्यांवरून हुडकावा लागतो. म्हणून डीबगर एकदा काढलेली फ्रेम जपून ठेवतो, आणि तीच पुन्हा मागितली तर लगेच देतो.

डीबगरचा कोड लिहिणाऱ्यांना या स्वस्ताईची सवय लागते. आधी स्टॅक आहे का हे तपासायचे आणि मग फ्रेम मागायची, असा कोड ठिकठिकाणी साचतो. वास्तविक फ्रेम देणारे फंक्शन स्टॅक नसल्यास स्वतःच तसे कळवून थांबते. फ्रेम हाती असूनही ती पुढच्या फंक्शनला न देता तिथे नव्याने मागितली जाते. यात वेळ फारसा जात नाही, पण कोड वाचणारा मात्र अडखळतो, कारण दोनदा मागितली आहे त्या अर्थी दोन्ही वेळी वेगळी फ्रेम मिळत असावी, अशी शंका त्याला येणारच. फ्रेम सुरुवातीला एकदाच घ्यावी आणि पुढे हातोहात द्यावी, हा उपाय साधा आहे.

तो डोळे मिटून करता येत नाही, एवढेच. ‘चालू’ फ्रेम म्हणजे ० क्रमांकाची, तर ‘निवडलेली’ फ्रेम वापरणारा वर-खाली सरकेल तशी बदलते. या दोन मागण्या दिसायला जुळ्या असल्या तरी एक नव्हेत. शिवाय प्रोग्राम पुढे सरकला की जपलेल्या साऱ्या फ्रेम्स रद्द होतात. एखादे मूल्य छापण्याची निरुपद्रवी आज्ञासुद्धा तपासाखालच्या प्रोग्राममधले फंक्शन चालवू शकते, आणि तसे झाले तर आधी धरून ठेवलेला फ्रेमचा पॉइंटर (तिचा मेमरीतला पत्ता) निकामी ठरू शकतो. अशा ओळीनंतरची दुसरी मागणी अनावश्यक दिसली तरी ती राहू द्यावी, आणि ती का ठेवली याची टीप शेजारी लिहावी.