ऑपरेशन तोंडावर आणि नाक वाहतंय: ॲलर्जी की व्हायरल सर्दी?

गणपती झाले की कोकणात रखडलेली ऑपरेशनं निघतात. हर्निया, मुलांचे टॉन्सिल, आजीचा मोतीबिंदू. भातकापणीआधी उरकून घ्यायचं असतं. पण नुकतंच चाकरमान्यांनी घर भरून गेलेलं असतं, पावसाळी फ्लूही पुरता ओसरलेला नसतो. तारखेच्या आदल्या दिवशी पेशंटचं नाक वाहायला लागतं आणि घरचे म्हणतात, "ही त्याची नेहमीचीच सर्दी." असेलही. पण भूलतज्ज्ञासाठी नेहमीची सर्दी आणि परवा लागलेली सर्दी यांत मोठा फरक आहे.

ॲलर्जीच्या सर्दीत खाज असते: नाकाला, डोळ्यांना, टाळूला. सकाळी शिंकांवर शिंका, पाण्यासारखा पातळ शेंबूड, ताप नाही, अंगदुखी नाही. ओल धरलेल्या भिंती, बुरशीचा वास येणारी गोधडी, असं तिचं कारण बहुतेकदा घरच्यांना ठाऊक असतं. व्हायरल सर्दी दोन-तीन दिवसांत चढते. आधी घसा खवखवतो, मग कणकण, बसलेला आवाज, खोकला, आणि घरात आणखी कुणीतरी आजारी असतंच. शेंबडाच्या रंगावरून मात्र निवाडा करू नये.

भूल देताना फरक पडतो तो नाकामुळे नव्हे, श्वासनलिकेमुळे. विषाणू तिचं आतलं अस्तर सोलवटून टाकतो, त्याखालच्या नसा उघड्या पडतात. श्वासनलिका आवळणाऱ्या नसांना एरवी शरीराचा लगाम असतो, तोही सैल होतो. अशा वेळी श्वासासाठी घशात नळी घातली तर स्वरयंत्र गच्च मिटू शकतं, छाती आवळू शकते, रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने उतरू शकतो. नाक सुकल्यावरही हा चिडखोरपणा दोन ते सहा आठवडे टिकू शकतो. म्हणून सकाळी सर्दीची गोळी घेऊन नाक कोरडं करून येणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. लक्षण झाकलं जातं, धोका तसाच राहतो.

लहान मुलांत हे अधिक, कारण त्यांची श्वासनलिकाच अरुंद. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये नऊ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या दोन आठवड्यांत सर्दी झालेल्या मुलांना भुलीत श्वासाचा त्रास जास्त झाला. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो. तरी प्रत्येक शेंबड्या मुलाचं ऑपरेशन रद्द होत नाही. नाकातून फक्त पाणी, ताप नाही, छाती स्वच्छ, काम छोटं आणि नळीशिवाय होणारं, तर अनुभवी भूलतज्ज्ञ पुढे जातात. ताप, कफाचा खोकला किंवा छातीत सूं-सूं असेल तर निदान दोन आठवडे थांबतात, कधी चार.

मोठ्यांना ऑपरेशननंतर फुप्फुसाचा त्रास होण्याचा धोका किती, हे मोजायला 'एरिस्कॅट' नावाची गुणपद्धत आहे. त्यात सात गोष्टी मोजतात: वय, ऑक्सिजनची पातळी, गेल्या महिनाभरातला श्वसनाचा संसर्ग, रक्त कमी असणं, छेद छातीत, पोटाच्या वरच्या भागात की इतरत्र, ऑपरेशनला लागणारे तास, आणि ते तातडीचं आहे का. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीची सर्दी म्हणूनच जास्त मनावर घेतात. मोतीबिंदूत पूर्ण भूल सहसा लागत नाही, पण डोळा उघडलेला असताना खोकल्याची उबळ आली तर? तिथे खोकलाच वैरी. कोविडची गोष्ट वेगळी: 2021 मध्ये सात आठवडे थांबा असा सल्ला होता. 2023 मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने निदान दोन आठवडे थांबायला सांगितलं, पुढचा निर्णय पेशंटची तब्येत आणि ऑपरेशन पाहून.

ॲलर्जी म्हणजे मोकळं रान, असंही नाही. अशा अनेकांना दमाही असतो. पंप आणि नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, पंप ऑपरेशनच्या दिवशी सोबत न्या.

गुहागरच्या खेड्यातून चिपळूणला गाडी ठरवलेली, मुंबईहून मुलगा रजा काढून आलेला, म्हणून लोक गप्प राहतात. त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच निघण्याआधी दवाखान्यात फोन करा: सर्दी कधी सुरू झाली, ताप होता का, खोकला सुका की ओला, आदल्या महिन्यात काय झालं होतं. सुजलेलं अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, अडलेली बाळंतीण यांना थांबवत नाहीत. पण तिथेही सर्दी आधी कळली, तर शक्य असेल तेव्हा पाठीत इंजेक्शन देऊन भूल देता येते आणि नळी टळते.