किमान मजुरी वाढली की नोकऱ्या जातातच? असं काही नाही

"पगार वाढवायला लावला की मालक माणसं काढणारच" हे कायम ऐकतो आपण, पण सरसकट खरं नाहीये ते. अमेरिकेत न्यू जर्सीने एप्रिल १९९२ मध्ये किमान मजुरी तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केली, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेव्हा वाढली नाही, मग अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगरनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्टफूडवाल्यांना आधी आणि नंतर विचारलं की बाबा माणसं किती, तर न्यू जर्सीत घट दिसलीच नाही. वाद भरपूर झाले यावर (अजूनही चालूयत म्हणा), पण कार्डना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. घट न दिसण्याचं एक कारण असं सांगतात की नोकरी देणारे दोन-चारच असले की पगार दाबून ठेवता येतो, मग कायद्याने थोडा वाढला तरी परवडतं, उलट रिकाम्या जागा भरतात. वाट्टेल तेवढा वाढवला तर मात्र वेगळं गणित.